दलाल म्हणजे वाट दाखविणारा



गेल्या पावसाळ्यांत मुरबाडकडील एका परिचित कुटुंबांतील मुलगी मला भेटावयास आली होती. तिचें शिक्षण पुरें झालें होतें. नोकरीसाठीं रोज कल्याणपर्यंत जाणेंयेणें घरच्यांना परवडणारें नव्हतें. म्हणून तिनें एक धंदा मनांत योजिला होता. मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांतील वस्तूंची शिफारस मोबाइलवरून करावयाची, त्या वस्तूकडे नेणारा दुवा ओळखीच्या माणसांना धाडावयाचा, आणि त्या दुव्यावरून कोणी खरेदी केली तर दुकानानें ठराविक टक्के दलाली द्यावयाची, असें त्या धंद्याचें स्वरूप. त्याला अफिलिएट मार्केटिंग असें नांव आहे. तिचा दुवा तयार होता. परंतु तो कोणाला धाडण्याचें धैर्य तिला तीन आठवडे झालें नव्हतें. ती म्हणाली, "काका, आत्यानें माझ्या शब्दावर कुकर घेतला आणि तो बिघडला, तर मी तिच्या दारांत कोणत्या तोंडानें जाऊं? आणि त्यांत मला चार पैसे मिळाले हें तिला मागाहून कळलें तर?"

त्या दिवशीं मी तिचें समाधान करूं शकलों नाहीं. मी व्यापारी नव्हे, इतिहासाचा विद्यार्थी आहें. परंतु तिच्या प्रश्नाचा विचार करतां करतां माझ्या ध्यानांत आलें कीं, ही भीति मोबाइलबरोबर जन्मलेली नाहीं. दुसऱ्याचा माल आपल्या शब्दावर विकणारा माणूस जितका जुना, तितकीच ती जुनी आहे.

'दलाल' हा शब्द अरबींतून आपल्याकडे आला. त्याच्या मूळ धातूचा अर्थ वाट दाखविणें असा आहे. 'दलील' हा त्याच धातूपासून झालेला दुसरा शब्द. निर्णयाकडे नेते ती दलील, मालाकडे नेतो तो दलाल. इतक्या निर्मळ शब्दाला मराठींत काळिमा कां लागला, आणि तो पुसण्याचे प्रयत्न कसकसे झाले, हें आज आपण थोडक्यांत पाहूं.

त्या मुलीच्या तालुक्यापासूनच आरंभ करतों. मुरबाडहून माळशेजकडे जातांना वैशाखरें गांवाजवळून नाणेघाटाची वाट वर चढते. घाटमाथ्यावरील लेण्यांत सातवाहनांची राणी नागणिका हिच्या काळचा, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा शिलालेख आहे. त्यांत यज्ञांच्या दक्षिणेचे गाई, घोडे आणि कार्षापण यांचे आंकडे कोरलेले आहेत. माथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, अशी आख्यायिका आहे. ही वाट जुन्नराकडील माल खालीं कल्याण बंदराला नेत असे. कल्याणचें नांव पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथांत येतें, आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनीं दिलेल्या दानांचे लेख आहेत. उत्तरेस शहापूर तालुक्यांतून थळघाटाची वाट नाशिककडे चढते. म्हणजे शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके समुद्र आणि पठार यांच्यामधील वाटेवरचे. वाटेवरच्या प्रदेशांत परका माणूस नेहमींचा. त्याला माल हवा असतो, पण भाव ठाऊक नसतो, आणि माणसांची पारख तर त्याहून नसते. तेथें दोघांच्या ओळखीचा तिसरा माणूस लागतो. तोच दलाल.

हा तिसरा माणूस प्रत्यक्ष पाहावयाचा असेल तर पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यांतील म्हसा गांवीं जावें. म्हसोबाची ही यात्रा घोंगड्यांसाठीं जशी प्रसिद्ध, तशीच बैलांच्या बाजारासाठीं. आपल्याकडील बैलबाजारांत सौद्याची एक जुनी रीति आहे. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल किंवा उपरण्याचा पदर टाकतात आणि त्याखालीं बोटें दाबून भाव ठरवितात. किती बोटें धरलीं त्यावरून आंकडा कळतो. तो शेंकड्यांत कीं हजारांत, हें संकेतानें ठरलेलें असतें. भोंवतीं पन्नास माणसें उभीं असतात, पण भाव कोणालाच ऐकूं येत नाहीं.

या रुमालाला दोन बाजू आहेत. शेतकऱ्याची अडचण चारचौघांत उघडी पडत नाहीं, गिऱ्हाइकाची ऐपतहि झांकली राहते, ही एक बाजू. पण विकणाऱ्याला एक आंकडा आणि घेणाऱ्याला दुसरा सांगून मधला फरक खिशांत घालण्याची सोयहि त्याच रुमालाखालीं होते. दलालाला मोबदला मिळतो याचा राग लोकांना कधींच नव्हता. बैल दांत पाहून, चालवून, त्याची खोड सांगून जो देतो, त्याच्या हातावर लोक आनंदानें पैसे ठेवीत. राग होता तो न सांगतां घेतलेल्या पैशाचा. शब्दाला काळिमा लागला तो येथें.

पुढील शंभर-सव्वाशें वर्षांत या रुमालाखालच्या व्यवहारावर उजेड पाडण्याचे यत्न झाले. त्यांचा आरंभ कापसाच्या मुलखांत, म्हणजे वऱ्हाडांत झाला. कारंजा येथें 1886 सालीं नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्यबाजारांसाठीं कायदा झाला. शेतीविषयक रॉयल कमिशननें 1928 सालच्या आपल्या अहवालांत असे बाजार सर्वत्र असावेत अशी शिफारस केली. मुंबई इलाख्यांत 1939 सालीं आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1963 सालीं बाजारसमित्यांचा कायदा आला. उघडा लिलाव, खरें वजन आणि ठरलेली अडत, हा त्या सर्वांचा सारांश. त्यानंतरहि भाजी व फळें विकणाऱ्या शेतकऱ्याच्या पट्टींतून अडत कापली जात असे. ती शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घ्यावी, हा निर्णय महाराष्ट्रांत 2016 सालीं झाला. दलाली कोण देतो, किती देतो आणि ती कोणाला दिसते, या तीन प्रश्नांवर कायदे इतकीं वर्षें झगडत आले आहेत.

एका जुन्या कायद्याचा येथें उल्लेख केला पाहिजे. 1872 सालच्या भारतीय करार कायद्यांत मालक आणि प्रतिनिधि यांच्या संबंधाचें स्वतंत्र प्रकरण आहे. प्रतिनिधीनें मागतांच हिशेब द्यावा, मालकाच्या नकळत स्वतःसाठीं व्यवहार केल्यास त्यांतील फायद्यावर मालकाला हक्क सांगतां यावा, निराळा करार नसेल तर काम पुरें झाल्यावांचून मोबदला देय होऊं नये, आणि ज्या कामांत गैरवर्तन केलें त्याचा मोबदला मिळूं नये, असे नियम त्यांत आहेत. नियम चोख आहेत. पण त्यांत राखण होते ती मालकाची. शब्दावर विसंबून माल घेणाऱ्या आत्याचें नांव त्या प्रकरणांत नाहीं.

ही उणीव किती महाग पडते, हें याच डोंगराळ भागांत दिसून आलें. आगगाडी 1855 सालीं वासिंदपर्यंत आणि 1861 सालीं कसाऱ्यापर्यंत आली. 1865 सालीं थळघाट चढून ती वर गेली. शहापूर तालुक्याला रूळ मिळाले, मुरबाडला मिळाले नाहींत. परंतु मुंबईची बाजारपेठ दोघांच्याहि जवळ आली. लांकूड, कोळसा आणि गवत यांना मागणी आली, आणि त्यांबरोबर व्यापाऱ्याचा माणूस पाड्यापाड्यावर आला. पावसाळ्यांत चूल पेटत नसे तेव्हां तो कातकऱ्यांना उचल देई, आणि पुढें कोळशाच्या भट्टीवर त्यांचे हात त्या उचलीला बांधले जात. वाट दाखविणाराच वाट अडवून बसला. म्हणून 1972 सालीं आदिवासी विकास सहकारी महामंडळ निघालें, आणि 1976 सालच्या दोन कायद्यांपैकीं एकानें देशभर वेठबिगारी रद्द केली, तर दुसऱ्यानें महाराष्ट्रांतील आदिवासी भागांत शेतमाल व वनोपज यांच्या एकाधिकार खरेदीचा मार्ग मोकळा केला.

याच शहापुरांत अलीकडे निराळें चित्रहि दिसलें. कातकरी तरुणांचा एक गट रानांतील गुळवेल स्थानिक बाजारांत विकत असे. पंतप्रधान वनधन योजनेचा हात लागला, आणि 2021 सालीं त्यांच्या संस्थेस हिमालय, डाबर, बैद्यनाथ यांसारख्या औषध कंपन्यांकडून दीड कोटी रुपयांहून अधिक किंमतीची मागणी मिळाली. वेल तीच, रान तेंच. आतां माल, भाव आणि नांव तिन्ही त्यांच्याच हातीं आलीं.

दलालीवर जगणारा आणखी एक माणूस आपण सर्वजण ओळखतों, तो विम्याचा एजंट. मुंबईंत ओरिएंटल ही विमा कंपनी 1874 सालीं निघाली. 1938 सालच्या विमा कायद्यानें एजंटाला परवाना आवश्यक केला, आणि आपल्या दलालींतील वांटा गिऱ्हाइकाला आमिष म्हणून देण्यास बंदी केली. 1 सप्टेंबर 1956 रोजीं आयुर्विमा महामंडळ स्थापन झाल्यावर हा एजंट खेड्यापाड्यांत गेला. त्याचे पहिले गिऱ्हाईक बहुधा मामा, मावसभाऊ किंवा शाळेंतले मास्तर. आपल्या मुलीसारखेच त्याचेहि पाय पहिल्या दिवशीं उंबरठ्यावर अडखळले असतील. जे पहिल्या वर्षाची दलाली घेऊन दिसेनासे झाले, त्यांचीं नांवें आज कोणाच्या लक्षांत नाहींत. दावा मिळवून देण्यासाठीं जे विधवेबरोबर कचेरींत बसले, त्यांच्या मुलांना आजहि लोक वडिलांच्या नांवानें ओळखतात.

आतां त्या मुलीच्या दुव्याकडे वळूं. ही पद्धति 1996 सालच्या जुलैंत अमेरिकेंतील ॲमेझॉननें पुस्तकांसाठीं मोठ्या प्रमाणावर सुरू केली. भारतांत त्या कंपनीचें दुकान जून 2013 मध्यें उघडलें. प्रत्येक प्रतिनिधीच्या दुव्यांत त्याची खूण गुंफलेली असते. गिऱ्हाईक त्यावरून दुकानांत शिरलें कीं ती खूण नोंदली जाते. ॲमेझॉनकडे ती सामान्यतः 24 तास टिकते. तेवढ्या वेळांत खरेदी झाली तर दलाली मिळते. माल परत गेला तर ती रद्द होते. काम पुरें झाल्यावांचून मोबदला नाहीं, हा 1872 चाच नियम येथें यंत्र पाळतें. दुव्यांतील खूण मात्र दुकानाला दिसते, आत्याला दिसत नाहीं. म्हणजे रुमाल पुन्हां आलाच.

हा रुमाल काढण्याचें काम अलीकडच्या नियमांनीं केलें आहे. 2019 सालच्या ग्राहक संरक्षण कायद्यानें फसव्या जाहिरातीची जबाबदारी शिफारस करणाऱ्यावरहि टाकली. जून 2022 मधील मार्गदर्शक तत्त्वांनीं आणि जानेवारी 2023 मधील सूचनांनीं, आपला व विक्रेत्याचा पैशाचा संबंध गिऱ्हाइकाला स्पष्ट दिसेल असा सांगावा, असें बजावलें. कायद्याच्या त्या जुन्या प्रकरणांत नसलेली आत्या दीडशें वर्षांनीं त्यांत आली.

हें सारें मीं त्या मुलीला पुढच्या भेटींत सांगितलें, आणि तीन गोष्टी सुचविल्या. जी वस्तु स्वतःच्या घरांत वापरली आहे तिचीच शिफारस करावी, आणि गुणाबरोबर तिची खोडहि सांगावी. दुव्याच्या वर, पहिल्याच ओळींत, 'यावरून घेतल्यास मला थोडी दलाली मिळते' असें साध्या मराठींत लिहावें. आणि या धंद्यांत शिरण्यासाठीं जो आधीं पैसे मागतो, किंवा माल सोडून माणसें जोडण्याचे पैसे देऊं करतो, त्याच्या दारांत उभें राहूं नये. तसल्या साखळी योजनांवर 1978 सालच्या कायद्यानें बंदीच आहे.

तिनें दुवा धाडला. पहिल्या महिन्यांत हातीं आलेली रक्कम कल्याणच्या एका खेपेच्या एस. टी. भाड्यालाहि पुरली नसती. आत्यानें कुकर घेतला, झांकण नीट बसेना म्हणून तो परत केला, आणि त्याची दलालीहि गेली. पण परत कसा करावयाचा हें दाखविण्यासाठीं मुलगी स्वतः आत्याच्या घरीं गेली होती, आणि चहा घेऊनच परतली. निघतांना आत्या म्हणाली, "दुसरा कोणता घ्यावा तें तूंच पाहून सांग."

तिला वाटलेली भीति हा तिचा दुबळेपणा नव्हता. म्हशाच्या बाजारांत बैलाची खोड आधीं सांगणाऱ्या दलालाच्या मनांतहि तीच भीति होती, आणि तिच्याच जोरावर लोक पुढल्या पौर्णिमेला त्याला शोधीत येत. ज्याला अशी भीति कधींच वाटली नाहीं, त्याच्याकडून माल घेतांना मात्र आपण रुमालाखालीं एकदां पाहून घ्यावें.