सेब्राइटचे कोंबडे

मुष्टियुद्धातील ‘बँटमवेट’ हा वजनगट क्रीडापानावर आपल्या नेहमी वाचनात येतो. या शब्दाच्या मागे एक कोंबडा उभा आहे आणि कोंबड्याच्या मागे एक बंदर. जावा बेटाच्या पश्चिम टोकाचे बांतेन हे मिऱ्याच्या व्यापाराचे बंदर. सतराव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने तेथे वखार घातली. १६८२ मध्ये डचांच्या वर्चस्वामुळे इंग्रजांना तेथून निघावे लागले. वखार गेली, नाव मात्र उरले. त्या बंदराचे नाव लहान चणीच्या कोंबड्यांना चिकटले आणि पुढे चणीने लहान पण अंगात रग असलेल्या माणसांनाही.

या चिमुकल्या पक्ष्यांना सौंदर्यवस्तूचा दर्जा दिला तो सर जॉन सेब्राइट (१७६७–१८४६) या हर्टफर्डशरमधील जमीनदाराने. हे गृहस्थ पार्लमेंटचे सभासद होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, पिढ्यामागून पिढ्या निवड करीत, त्यांनी एक नवी जात घडविली. सोनेरी किंवा रुपेरी पिसे आणि प्रत्येक पिसाच्या कडेला काळी, बारीक, अखंड रेघ. जणू प्रत्येक पीस कोणी शाईने आखून घेतले आहे! नराचे वजन जेमतेम सहाशे ग्रॅम. विशेष म्हणजे, कोंबड्याच्या शेपटीत एरवी दिसणारी लांब वाकदार पिसे या नराला नसतात. पिसाऱ्यापुरता तो कोंबडीसारखाच दिसतो.

याच सेब्राइटांनी १८०९ मध्ये पाळीव जनावरांच्या सुधारणेवर एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत दोन निरीक्षणे आहेत. पहिले असे की, कडक हिवाळा आणि अन्नाचा तुटवडा दुबळ्या, रोगट जीवांना नष्ट करून कुशल निवडकाराचेच काम करीत असतात. दुसरे असे की, जवळच्या नात्यात संकर करीत राहिले तर कोंबड्यांचे शरीर लहान होते आणि प्रजननशक्ती ढासळते. हे त्यांनी स्वतः प्रयोग करून पाहिले होते. चार्ल्स डार्विनने ही पुस्तिका वाचली होती. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये (१८५९) सेब्राइटांचा उल्लेख आहे आणि १८६८ च्या ग्रंथात अतिनिकट संकराने क्षीण झालेल्या सेब्राइट कोंबड्यांचे उदाहरणही आहे.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. निसर्ग दुबळ्यांना कसा वगळतो हे ज्याला लख्ख दिसले होते, त्यानेच निसर्गाने पहिल्या हिवाळ्यात वगळला असता असा पक्षी हौसेने घडविला. हा अडाणीपणा नव्हता, जाणीवपूर्वक केलेला सौदा होता. सौंदर्य मनुष्याने निवडायचे, तर त्याच्या रक्षणाचा भारही मनुष्यानेच उचलायचा, असा त्या सौद्याचा अर्थ.

काळही या हौसेला अनुकूल होता. १८३५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली. दहा वर्षांनी, १८४५ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत कुक्कुटप्रदर्शन भरले. झुंजीच्या रिंगणातला पुरुषार्थ आता पिंजऱ्यातल्या देखणेपणात मोजला जाऊ लागला. १८६५ मध्ये जातीजातींची मानके ग्रंथरूपाने निघाली. ती संपादित करणारा टेगेटमायर हा डार्विनचा सहकारी होता.

पण प्रदर्शनाच्या नियमावलीत कोल्ह्याला जागा नव्हती. (आपल्याकडे ‘कोल्हा’ म्हणजे बहुधा वेगळाच प्राणी, इंग्लंडचा तांबडा कोल्हा हा आपल्या खोकडाचा भाऊबंद.) खानदानी मंडळी घोड्यावरून, कुत्र्यांनिशी त्याची शिकार करीत, म्हणून त्याला गोळी घालणे किंवा विष घालणे हे सभ्य समाजात पातक मानले जाई. कोंबड्या गमावलेल्या शेतकऱ्याच्या हातावर शिकारमंडळे नुकसानभरपाई ठेवीत. थोडक्यात, कोंबडी आणि कोल्हा हे दोघेही एकाच वर्गाच्या हौसेसाठी राखले जात होते. कुत्र्यांनिशी होणारी ही शिकार इंग्लंड-वेल्समध्ये २००५ साली कायद्याने थांबली. कोल्हा मात्र अजूनही खुराड्याभोवती फिरतोच आहे.

१८४४ मध्ये नॉर्विचच्या चार्ल्स बर्नार्डने कापडाच्या मागावरून सुचलेल्या यंत्रावर तारेची षट्कोनी जाळी विणली. ती पुढे कोंबड्यांचीच जाळी म्हणून जगभर गेली. मात्र अनुभवी पाळणारे जाणतात की, ही जाळी कोंबडीला आत ठेवते. कोल्ह्याला बाहेर ठेवीलच असे नाही. त्यासाठी जाड, जोडकाम केलेली जाळी लागते. ती जमिनीत पुरून बाहेरच्या बाजूला वळवावी लागते, म्हणजे उकरणारा पाय तिच्यावर अडतो. विझल तर बोटभर फटीतूनही शिरते. बँटमला स्वतःचा उपाय ठाऊक असतो: अंगाने हलकी असल्यामुळे ती सहज झाडावर जाऊन बसते. पण प्रदर्शनाच्या पक्ष्याची पिसे फांद्यांत झिजतात, म्हणून तोही मार्ग बंद!

कोल्हा एका रात्रीत सगळे खुराडे मारून टाकतो आणि नेतो मात्र एकच, ही त्याच्या क्रौर्याची जुनी साक्ष. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये या वर्तनाचा अभ्यास मांडला. काळोख्या रात्री जमिनीवर निश्चल बसून राहिलेल्या कुरव पक्ष्यांचीही कोल्हे अशीच सरसकट हत्या करतात, असे त्यात दिसते. मोकळ्या रानात एक पक्षी पकडेपर्यंत बाकीचे उडून जातात आणि शिकार आपोआप संपते. खुराड्यात ती संपत नाही, कारण आपणच पळण्याची वाट बुजविलेली असते. क्रौर्य म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवितो, त्याचा निम्मा आराखडा आपल्या भिंतींचा असतो.

आपल्या खेड्यांतून संध्याकाळी कोंबड्या डालग्याखाली झाकतात आणि वर दगड ठेवतात, तो मुंगसाच्या आणि रानमांजराच्या भयाने. त्यातही एक मूक करार असतोच. सेब्राइटांची कहाणी एवढेच सांगते की, ज्याला आपण आपल्या आवडीखातर दुबळे केले, त्याच्यावर ठेवायचा दगड रोज संध्याकाळी, न चुकता, आपल्यालाच उचलावा लागतो. ज्या संध्याकाळी आपण तो विसरतो, त्या रात्रीचा दोष कोल्ह्याला देता येत नाही.