प्रतिमायंत्रांची दूरदेखभाल : एका व्यवसायाची जडणघडण

लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासण्यात आला, तेव्हा त्या यंत्राला स्वतःचा संगणक नव्हता. मोजमापे चुंबकीय फितीवर नोंदवून ती फीत ईएमआय कंपनीच्या संगणकाकडे पाठवावी लागे आणि तेथे ८० × ८० चौकटींची प्रतिमा तयार होई. पुढे लघुसंगणक यंत्राचाच भाग झाला आणि त्यातून दुरुस्तीच्या कामाला नवी दिशा मिळाली. त्याआधीच्या क्ष-किरण यंत्रांत बिघाड शोधायचा तर मीटर लावून, आवाज ऐकून आणि तारांचा माग काढून तो शोधावा लागे. संगणकाधारित यंत्र मात्र तापमान, विद्युत्प्रवाह आणि दोषांचे क्रमांक स्वतःच टिपून ठेवू लागले. या नोंदींच्या धारिकेला व्यवसायात ‘लॉग’ म्हणतात.

लॉग दूरध्वनीच्या तारेवरून वाचता येतो, ही कल्पना संगणकव्यवसायातून आली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९७७ सालच्या व्हॅक्स-११/७८० या संगणकात दूरनिदानाची सोय होती. १९८०च्या दशकात स्कॅनरच्या मोठ्या उत्पादकांनीही हीच वाट धरली. रुग्णालयातील यंत्राला मोडेम, म्हणजे संगणकाचे संकेत दूरध्वनीवरून वाहून नेणारे उपकरण, जोडले गेले आणि निदान करणारा अभियंता व सुटा भाग बसवणारा अभियंता अशी कामाची विभागणी हळूहळू रूढ झाली.

या निदानाचे स्वरूप एका उदाहरणावरून स्पष्ट होते. ज्या सीटी यंत्रात क्ष-किरण नळी आणि शोधक-घटकांची, अर्थात डिटेक्टरांची, रांग रुग्णाभोवती एकत्र फिरते, त्यात एखादा घटक सतत चुकीचे मोजमाप देऊ लागला की प्रतिमेवर परिभ्रमणाच्या केंद्राभोवती वर्तुळाकार कडे उमटते, आणि त्या कड्याच्या त्रिज्येवरून सदोष घटक कोणता हे दूर बसलेल्या अभियंत्याला ठरवता येते. तो प्रथम तंत्रज्ञाला रिकाम्या यंत्रावर ‘एअर कॅलिब्रेशन’, म्हणजे केवळ हवेच्या आधारे मोजमापांची जुळवणी, पुन्हा करायला सांगतो. एवढे करूनही कडे राहिलेच, तर योग्य भाग सोबत देऊनच क्षेत्रीय अभियंत्याला रवाना केले जाते. एमआरआयच्या बाबतीत लक्ष मुख्यतः अतिवाहक चुंबकावर ठेवावे लागते, कारण त्याची गुंडाळी सहसा सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रव हेलियममध्ये बुडालेली असते आणि शीतन यंत्रणा थांबली तर हेलियम उकळून दाब वाढू लागतो. ही वाढ वेळीच कळली, तर महागडा वायू आणि यंत्राचे कामाचे दिवस दोन्ही वाचतात.

अंतर कमी होताच जबाबदारी वाढली. प्रतिमांच्या देवाणघेवाणीसाठी अमेरिकेत १९८५ साली पहिले मानक प्रसिद्ध झाले आणि १९९३ मध्ये त्याला ‘डायकॉम’ हे रूप मिळाले. त्यातील प्रत्येक प्रतिमेसोबत रुग्णाचे नाव आणि तपशीलही प्रवास करू शकतात, त्यामुळे दोष तपासणाऱ्या अभियंत्याच्या पडद्यावर परक्या माणसाचा आजार उघड होण्याचा धोका निर्माण झाला. अमेरिकेतील १९९६चा हिपा कायदा आणि त्याखालील नियम यांनी गोपनीयतेला कायद्याचे बळ दिले, तर मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या सायबर हल्ल्याने ब्रिटनच्या आरोग्यसेवेतील संगणकांसोबत निदान-उपकरणांनाही ग्रासून जोडणीची दुसरी बाजू दाखवली. यंत्राच्या आतली माहिती उघडण्याचा हक्क उत्पादकाचा की मालक रुग्णालयाचा, हा वादही याच काळात पेटला आणि २०२१ साली अमेरिकेत दुरुस्तीसाठी सॉफ्टवेअरचे कुलूप उघडण्यास प्रताधिकार कायद्यातून सूट देण्यात आली.

या साऱ्या वाटचालीत दूरदेखभालीने यंत्राजवळच्या माणसाची गरज संपवली, असे मात्र म्हणता येत नाही. खोली रिकामी आहे आणि दार बंद आहे, याची खात्री जागेवरच्या माणसाने केल्याशिवाय चाचणीसाठी किरण सोडणे सुरक्षित नसते. जळका वास, वेगळा आवाज किंवा जमिनीवर सांडलेले तेल लॉगमध्ये उमटेलच असे नाही. म्हणूनच रात्रपाळीतील तंत्रज्ञ अचूक काय सांगतो आणि दूरचा अभियंता त्याला धीराने काय विचारतो, यावर निदानाचा दर्जा ठरतो. दूरदेखभालीचे श्रेय तारेला जितके द्यायचे, तितकेच या संवादाला द्यायला हवे, आणि ज्या रुग्णालयाला आपले यंत्र चालू ठेवायचे आहे, त्याने जोडणीच्या वेगाइतकाच आपल्या तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणावर खर्च केला पाहिजे.