वकिलीतला वाद आणि प्रीतीतला संवाद

मराठी साहित्यात न्यायालय वारंवार येते. परंतु एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या दोन वकिलांची प्रेमकथा त्यात क्वचितच भेटते. याचे पहिले कारण आम्हांस इतिहासात दिसते. १९१६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांना केवळ त्या स्त्री आहेत म्हणून वकिलीची सनद नाकारली. हा अडसर दूर करणारा कायदा झाला तो १९२३ साली. तोवर नायिका न्यायालयात यायची ती फिर्यादी, साक्षीदार किंवा आरोपी म्हणूनच. पुढेही आमच्या रंगभूमीने तिला बहुधा तेथेच ठेवले. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये (१९६२) फसवल्या गेलेल्या स्त्रिया साक्षीला उभ्या राहतात, तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली (१९६७) बेणारे आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असते.

वकील स्त्री आणि तिच्या तोडीचा पुरुष यांच्या प्रीतीचा एक खराखुरा दाखला रोह्याशी जोडलेला आहे. चिंतामणराव देशमुखांचे बालपण रोह्यात गेले. त्यांचे वडील वकील होते. दुर्गाबाई मद्रासमध्ये वकिली करून संविधान सभेत आलेल्या. हे दोघे न्यायालयात कधी प्रतिस्पर्धी नव्हते, हे खरे. परंतु नियोजन आयोगात दोघेही सदस्य होते आणि त्यांच्या भूमिका स्वभावतःच वेगळ्या होत्या : तिच्याकडे समाजकल्याणाचा आग्रह, त्याच्याकडे अर्थमंत्री म्हणून तिजोरीची किल्ली. १९५३ च्या जानेवारीत त्यांचा विवाह झाला. प्रौढ वयातल्या या नात्याचा पाया कामातून आलेल्या परस्पर आदराचा होता. प्रतिस्पर्ध्यांची प्रेमकथा लिहू पाहणाऱ्याने प्रथम हाच धडा घ्यावा. तिच्या युक्तिवादाची धार ज्याला कळत नाही, त्याला ती कळलीच नाही.

दुसरा धडा आमच्या जिल्ह्यातील जमिनीने दिलेला आहे. त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यात खोत आणि कूळ यांचा झगडा जुना. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांचा १९३३ साली सुरू झालेला संप वाचकांस ठाऊक असेलच. १९४८ च्या कूळकायद्यानंतर अमुक इसम कूळ आहे की नाही, हा वाद मामलेदारापुढे जाऊ लागला. आता कल्पना करावी : १९५० च्या सुमाराचे पेण. तो खोताचा वकील, ती कुळाची. त्याच्या हाती असा एक कागद लागला आहे की ज्याने तिचे अशील बेघर होईल. संध्याकाळी दोघे भेटतात. तो तिला हे सांगू शकत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १२६ व्या कलमाने अशिलाचे गुपित उघड करण्यास वकिलाला मनाई होती. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, १३२ व्या कलमात, ती कायम आहे.

येथेच बहुतेक लेखक घसरतात. नायकाकडून तो कागद फाडून घेतात, किंवा नायिकेकडून मुद्दाम खटला हरवून घेतात, आणि त्याला त्याग म्हणतात. आमच्या मते हा त्याग नव्हे. ही तिसऱ्याच्या जमिनीवर बांधलेली प्रीती होय. ते कूळ किंवा तो खोतसुद्धा आपल्या वकिलावर विसंबून घरी निजलेला आहे. त्याचा विश्वासघात करणारा माणूस उद्या प्रेयसीशी प्रामाणिक राहील, हे वाचकाने कशाच्या आधारावर मानावे?

विश्वसनीय प्रेमकथेत ती विचारत नाही आणि तो सांगत नाही. परंतु आपण काय विचारले नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी तो कागद पुढे करतो. ती उलटतपासणीत त्या कागदाची चिरफाड करते, तरीही कदाचित हरते, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करण्याच्या तयारीला लागते. त्या अपिलात पुन्हा तोच समोर असणार आहे. निकालानंतर ते एकमेकांशी पहिले वाक्य कोणते बोलतील, ते ज्याला लिहिता येईल त्याने ही कथा लिहावी.