वाचलेला माणूस जेवतो कसा?

नागपूरकराला खर्रा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचा, की झाला तयार. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण पानठेल्यावरचं घोटणं काही थांबलं नाही. त्यामुळे तोंडाचा कॅन्सर झालेलं कुणीतरी बहुतेकांच्या ओळखीत असतंच. त्याच्याबद्दल आपण दोन प्रश्न विचारतो. कशाने झाला? आणि वाचला का? "वाचला" असं कळलं की आपल्याला हायसं वाटतं. तो आता जेवतो कसा, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

वैद्यकशास्त्रानेही हा प्रश्न फार उशिरा विचारला.

१८९५ साली राँटजेनने क्ष-किरण शोधले आणि काही वर्षांतच ते कॅन्सरवर वापरले जाऊ लागले. पुढे पॅरिसच्या आँरी कुतार यांनी किरणांचा डोस अनेक दिवसांत वाटून द्यायला सुरुवात केली. स्वरयंत्राचा वाढलेला कॅन्सरही असा बरा होतो, हे त्यांनी १९२२ साली दाखवलं. आजही सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस रेडिएशनला जावं लागतं, त्याचं मूळ तिथे आहे. १९९१ साली अमेरिकेत ३३२ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वरयंत्र कापून काढण्याऐवजी आधी केमोथेरपी आणि मग रेडिएशन दिलं, तर माणसं तितकीच जगतात आणि ६४ टक्के लोकांचं स्वरयंत्र वाचतं, असं त्यात दिसलं. "अवयव वाचवणे" हे तेव्हापासून उपचाराचं ध्येय झालं.

पण अवयव जागेवर असणं वेगळं आणि त्याने काम करणं वेगळं!

एक घास गिळायला पंचवीस-तीस स्नायू लागतात. ते सगळं एका-दोन सेकंदांत, आपल्या नकळत होतं. रेडिएशनने लाळ आटते, घास कोरडा पडतो. हळूहळू स्नायूंच्या जागी ताठर तंतू तयार होतात, नसा क्षीण होतात. घशातून घास सरकत नाही, किंवा चुकून श्वासनलिकेत जातो. कधीकधी तर ठसकाही लागत नाही, आणि एकदम न्यूमोनियाच होतो. हे पाच-दहा वर्षांनीही सुरू होऊ शकतं.

हे बघायची पद्धत जेरी लोगेमन या अमेरिकन वाचातज्ज्ञ बाईंनी रूढ केली. बेरियम मिसळलेला घास द्यायचा आणि तो उतरताना क्ष-किरणांनी चित्रफीत घ्यायची. त्यांचं या विषयावरचं पुस्तक १९८३ चं. म्हणजे ज्या किरणांनी घसा आखडला, त्याच किरणांनी तो तपासायचा. गिळण्याच्या त्रासाबद्दल खुद्द रुग्णालाच विचारणारी वीस प्रश्नांची प्रश्नावली ह्यूस्टनमध्ये २००१ साली आली. राँटजेननंतर एकशे सहा वर्षांनी..

आपल्याकडे गोष्ट आणखी अवघड आहे. सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा आखडते. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ सालीच या रोगाचं वर्णन केलं होतं. म्हणजे खर्रा खाणाऱ्याचं तोंड कॅन्सरच्या आधीच नीट उघडत नसतं. त्यावर ऑपरेशन होतं, आणि मग रेडिएशन.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली कॅन्सरनेच गेले. त्यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल नागपुरात आहे. विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून माणसं उपचारासाठी नागपूर गाठतात, शेवटचं रेडिएशन झालं की गावी परततात. काही वर्षांनी जेवताना ठसका लागायला लागतो, वजन उतरतं. त्याचा संबंध जुन्या उपचाराशी आहे, हे घरच्यांच्या लक्षातही येत नाही. "वय झालं आता" म्हणून सोडून देतात.

तसं सोडून देऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने २०१२ साली साठ रुग्णांच्या अभ्यासात दाखवलं, की नव्या तऱ्हेच्या नेमक्या रेडिएशनने लाळग्रंथींची हानी कमी होते. २०१३ साली ह्यूस्टनच्याच ४९७ रुग्णांच्या नोंदींतून दिसलं, की उपचार चालू असताना जे तोंडाने थोडं तरी खात राहिले आणि गिळण्याचे व्यायाम करत राहिले, त्यांचं गिळणं पुढे जास्त चांगलं राहिलं. गिळण्याच्या स्नायूंना किरणांपासून जपलं तर फायदा होतो, हे २०२३ साली ब्रिटन-आयर्लंडमधल्या चाचणीत सिद्ध झालं. तेव्हा घरात कुणाचं रेडिएशन सुरू होणार असेल, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा: गिळण्याचे व्यायाम कोण शिकवेल? नाकातून नळी असली तरी तोंडाने काय आणि किती देता येईल? आणि वर्षांनंतर ठसका लागू लागला तर परत तिथेच दाखवा.

आणखी एक. आपल्याकडे प्रेम म्हणजे आग्रह. सावजीचा रस्सा, तर्रीपोहे, "घ्या हो अजून एक!" हा माणूस मात्र पंगत टाळतो, "घरून जेवून आलो" म्हणतो. कारण त्याला वरणभाताला पाऊण तास लागतो आणि लोक बघतात. त्याला आग्रह करू नका. गरम, मऊ वरणभात वाढा, आपलं ताट लवकर उचलू नका, आणि त्याचं होईपर्यंत गप्पा मारत बसा.