पानावरची संहिता आणि यंत्राचे वाचन

पत्त्यांच्या आपल्या परिचित डावांत पानावर मजकूर नसतो. नियम तोंडी चालत आलेले असतात आणि वाद झाला तर जाणता खेळाडू निवाडा करतो. १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ बाजारात आला तो मात्र पानापानावर दोन-चार ओळींची संहिता घेऊनच. म्हणूनच त्याचा इतिहास बव्हंशी अर्थनिर्णयाचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

प्रकाशनापूर्वीच्या चाचण्यांतली एक हकिगत गारफील्ड यांनीच सांगितली आहे. एका पानानुसार प्रतिस्पर्धी पुढची पाळी ‘लूज’ करीत असे. पाळी हुकते, एवढेच कर्त्याला म्हणायचे होते. एका खेळाडूने मात्र प्रतिस्पर्धी पुढच्या पाळीत हरतो असा अर्थ लावून आपला विजय निश्चित मानला. इंग्रजी व्याकरण दोन्ही अर्थांना सारखेच अनुकूल होते!

नियम आणि पान यांत विरोध आल्यास पान प्रमाण, हे या खेळाचे मूलसूत्र. उत्सर्ग-अपवादाची ही व्यवस्था व्याकरणाच्या अभ्यासकाला नवी नाही. पण पाने हजारोंनी वाढली आणि अपवादच अपवादांशी भिडू लागले. १९९९च्या सहाव्या आवृत्तीत ‘स्टॅक’ आला. त्यानुसार जे शेवटी खेळले ते आधी फळते. ‘ओरॅकल’ हा अधिकृत पाठ तर छापील पानालाही मागे सारतो. पाठचिकित्सेत आपण जुन्यातला जुना पाठ शोधतो. येथे सर्वांत नवा पाठ प्रमाण ठरतो, आणि हातातले पान केवळ त्याची खूण उरते.

तेव्हा २००२ साली ‘मॅजिक ऑनलाइन’ आले, त्याआधीच माणसांनी आपली भाषा यंत्राला मानवेल इतकी घासून घेतली होती. २०१८ साली सर्वांना खुल्या झालेल्या ‘ॲरिना’ने पुढचे पाऊल टाकले. तिथे पानावरचे इंग्रजी वाक्य संगणकच वाचतो आणि त्यातून आज्ञावली तयार करतो. जिथे अडतो तिथे प्रोग्रामर हात देतो. वाचक असा की ज्याला केवळ अभिधा कळते.

याने काय साधले, यावर आम्हां दोघांत एकमत नाही. नवख्याला दटावून आपलाच अर्थ खरा करणारा मुरलेला खेळाडू यंत्रापुढे निष्प्रभ होतो, हा लाभ खराच. पण मेजावर अर्थाविषयी भांडता येते, पंचाला बोलावता येते. यंत्राने चुकीचा अर्थ लावला तरी डाव त्याच अर्थाने पुढे सरकतो. हरकत घ्यायची ती नंतर, तक्रार म्हणून.

आणि यंत्राला ‘इत्यादी’ कळत नाही. एखादे चक्र अखंड फिरते हे एकदा दाखवून ‘हे हजार वेळा केले’ असे मेजावर म्हटले, की नियमाने पुरते. ‘मॅजिक ऑनलाइन’वर प्रत्येक फेरा प्रत्यक्ष करावा लागतो, आणि खेळाडूचे घड्याळ चालूच असते.

१९९३च्याच ‘अरेबियन नाइट्स’ संचात ‘शहराजाद’ नावाचे पान आहे. ते खेळले की चालू डाव थांबवून त्याच्या पोटात दुसरा डाव मांडायचा. त्यात हरणाऱ्याचे मूळ डावातले निम्मे आयुष्य जाते. कथेत कथा गुंफणारीला शोभेल असाच हा नियम. पुढे अधिकृत स्पर्धांतून ते पान बाद झाले. ‘मॅजिक ऑनलाइन’मध्ये तर ते कधी आलेच नाही.