उपकरणदर्शन, एमआरआयमधील

एमआरआयच्या प्रतिमा पाहत शरीरात सुई, कॅथेटर किंवा मार्गदर्शक तार सरकवताना ती साधने प्रतिमेत ओळखू यावीत म्हणून योजलेली तंत्रे. क्ष-किरणांत धातू आपोआप उठून दिसतो. एमआरआयमधील संदेश मात्र मुख्यतः पाणी व मेद यांतील हायड्रोजन अणुकेंद्रांकडून येतो; धातूकडून तो मिळत नाही, म्हणून उपकरणाच्या जागी काळी पोकळी उमटते. नेहमीची पोलादी सुई आसपासची प्रतिमाही विसकटून टाकते. त्यामुळे टायटॅनियम, निटिनॉल यांसारखे पदार्थ पसंत केले जातात.

निष्क्रिय पद्धतीत हा दोषच खूण म्हणून वापरतात. उपकरणाची चुंबकीय प्रवृत्ती ऊतींहून वेगळी असल्याने भोवतालचे क्षेत्र बिघडते व काळा डाग पडतो. डागाची रुंदी म्हणजे सुईची जाडी नव्हे. सुई मुख्य क्षेत्राला समांतर असता डाग अरुंद, आडवी असता रुंद. ग्रेडियंट-एको प्रतिमेत तो स्पिन-एकोपेक्षा मोठा. सुई दिसली तरी तिचे टोक नेमके कोठे, हा प्रश्न उरतोच. कॅथेटरवर डिस्प्रोशियम ऑक्साइडची कडी बसवणे, फुग्यात विरल गॅडोलिनियम-द्रावण भरून तो उजळ करणे हेही याच वर्गातले. त्वचेवरील जागा दाखवायला ‘ई’ जीवनसत्त्वाची साधी कॅप्सूल चिकटवली तरी भागते.

सक्रिय पद्धतीचे वर्णन ड्यूमुलिन, सूझा व डॅरो यांनी 1993 मध्ये केले. कॅथेटरच्या टोकाशी बसवलेले चिमुकले वेटोळे फक्त आपल्या लगतच्या ऊतींचा संदेश टिपते. ज्या दिशेने चुंबकक्षेत्राचा उतार दिला असेल त्या दिशेतले वेटोळ्याचे स्थान संदेशाच्या वारंवारतेवरून कळते. तिन्ही दिशांनी मोजले की पूर्ण प्रतिमा न घेताच टोकाचा ठावठिकाणा मिळतो. तत्त्व देखणे आहे, अडचण तारेची. 1.5 टेस्लाला रेडिओ-वारंवारता सुमारे 64 मेगाहर्ट्झ असते आणि ऊतींत तिची अर्धी तरंगलांबी साधारण पाव मीटर भरते. लांब तार तिथे अँटेना बनते व टोकाशी ऊती भाजू शकतात. तारेत जागोजाग सूक्ष्म रोहित्रे घालणे, संदेश प्रकाशतंतूतून नेणे, धातूऐवजी काचतंतूंची मार्गदर्शक तार वापरून तिच्यावर लोह-ऑक्साइडच्या खुणा ठेवणे, असे उपाय झाले. शेवटचा अर्थातच निष्क्रिय पद्धतीकडे परत नेणारा. 0.55 टेस्लाच्या यंत्रांत वारंवारता उतरते व तापण्याचा धोकाही घटतो.

अर्धसक्रिय पद्धतीत बाहेर तार न काढता टोकाशी सुस्वरित मंडल बसवतात.

बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये 1990 नंतरच्या दशकात फेरेंट्स योलेस यांच्या पुढाकाराने 0.5 टेस्लाचे, मधे शल्यचिकित्सकाला उभे राहता येईल असे दुभंग यंत्र वापरात आले. लंडनमधील रझावी व सहकाऱ्यांनी जन्मजात हृदयविकाराच्या रुग्णांतील एमआरआय-मार्गदर्शित हृदय-कॅथेटरीकरण 2003 मध्ये प्रसिद्ध केले.

उपकरणावरील ‘एमआर सुरक्षित’ किंवा ‘एमआर सशर्त’ ही चिन्हे सुरक्षिततेपुरती असतात. ते प्रतिमेत दिसेल की नाही, याबद्दल ती काही सांगत नाहीत.

इतर उपयोग : मेंदू, स्तन, पुरःस्थ ग्रंथी व यकृत.