सुरईच्या गळ्यातला चांदीचा बिल्ला

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये पोर्ट, शेरी, मडेरा ही मद्ये पिंपांतून येत आणि काळपट काचेच्या बाटल्यांत भरून तळघरात ठेवली जात. मेजावर आणताना गाळ मागे ठेवून ती पारदर्शक सुरईत ओतत. सुरईत काय आहे ते पाहुण्याला कळावे, म्हणून तिच्या गळ्यात नाव कोरलेला चांदीचा छोटा बिल्ला साखळीने अडकवण्याची रीत १७३०च्या दशकापासून रुजली. सँडिलँड्स ड्रिंकवॉटर हा लंडनचा या कामातला सुरुवातीचा नामांकित कारागीर. माडीपासून गाळलेली गोव्याची अ‍ॅरॅक तेव्हा इंग्लंडात ‘पंच’ या पेयासाठी नावाजलेली होती. ‘अ‍ॅरॅक’ कोरलेले बिल्लेही सापडतात. पुढे भारतातल्या साहेबांसाठी चांदीत मढवलेल्या वाघनखांचेही बिल्ले बनले. ते पाहायला नवलाचे, पण घडणीत साध्या इंग्रजी बिल्ल्यापुढे फिके पडतात.

एवढ्याशा वस्तूला शिक्क्यांची सक्ती नव्हती. त्यामुळे जुन्या बिल्ल्यांवर बहुधा कारागिराची आद्याक्षरे आणि फार तर चांदीची शुद्धता सांगणारा सिंह असतो. साल अंदाजानेच ठरवावे लागते. १७९०च्या कायद्याने ही सूट काढून घेतली. तेव्हापासून शहराची खूण (बर्मिंगहॅमचा नांगर, लंडनचे बिबट्याचे मुंडके) आणि वर्षाचे अक्षर मिळू लागले.

ही रीत मोडली ती कायद्यानेच. १८६०-६१मध्ये ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना दुकानदारांना मद्याच्या सुट्या बाटल्या विकण्याची मुभा मिळाली. बाटलीवर कागदी चिठ्ठी आली आणि चांदीचे बिल्ले कपाटात गेले.

तिथून ते संग्राहकांच्या हाती पडले. या विषयावरचा मोठा ग्रंथ १९४७ साली एन. एम. पेन्झर यांनी लिहिला. ‘कथासरित्सागरा’च्या इंग्रजी भाषांतराच्या दहा खंडी आवृत्तीचे संपादकही तेच. १९५२मध्ये या छंदाला वाहिलेले ‘वाइन लेबल सर्कल’ स्थापन झाले.

दुर्मीळ नावाला भाव जास्त, म्हणून लबाडीही तिथेच होते. शेरीचे नाव घासून त्या जागी एखाद्या अपरिचित मद्याचे नाव कोरतात. अशा ठिकाणी पत्रा पातळ झालेला असतो. अंगठा फिरवला की खळगा जाणवतो. जुन्या चमच्याची शिक्के असलेली चांदी कापून केलेले बिल्लेही बाजारात येतात. त्यांचे शिक्के भलत्याच जागी असतात. साखळी नंतरची असेल तर किंमत थोडी उतरते, एवढेच. पुसून कोरलेला बिल्ला मात्र घेऊ नये.